एकशेऐंशी लिटर

समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचावर,
धनकवडीत, तिसऱ्या मजल्यावर, पश्चिमेच्या खोलीत
माझ्याकडे एकशेऐंशी लिटर समुद्र आहे.
पुड्यातल्या मिठाचा, आरओच्या पाण्याचा,
पण प्रवाळाला ते सांगायचं नाही.

मार्च सरता सरता सुरू होतं.
सकाळी साडेसव्वीस, दुपारी अठ्ठावीस.
काचेवरच्या आकड्याकडे मी
तापत ठेवलेल्या दुधाकडे बघावं तसा बघतो,
नजर हटली की उतू.

चिलर घ्यायचा तर बेचाळीस हजार.
"तेवढ्यात आपल्याला एसी येतो," वैजयंता म्हणाली,
मग बराच वेळ आम्ही दोघंही बोललो नाही.
रात्री मी टेबलफॅन उचलला आमच्या उशाशी होता तो
आणि लावला टाकीच्या काठाला, पाण्यावर तिरका.

वाऱ्याने पाणी गार होतं ते उडून जाऊन.
रोज तीन लिटर जातं खिडकीबाहेर,
मीठ तेवढं मागे राहतं,
काठावर पांढरं, बोटाला चुरचुरीत.
उडालं ते गोडं, म्हणून भरायचंही गोडंच.
हे मला दोन मासे मेल्यावर कळलं.

मी कुरिअर वाटतो. बिबवेवाडी, पद्मावती, सहकारनगर.
दुपारी घरी येऊन शर्ट काढला
की पाठीवर तसलीच पांढरी रेघ.
वैजयंता ती बघते, टाकीचा काठ बघते,
"स्वतःलाही भरत जा रे मापात," म्हणते,
आणि माठातलं तांब्याभर पुढे करते.

आणि मग येतो गुरुवार.
देखभाल-दुरुस्ती, दहा ते पाच वीज नाही.
पंप थांबल्यावर खोलीत जी शांतता होते
ती समुद्राला शोभत नाही.
सेलवरचा छोटा पंप तेवढा घरघरत असतो,
खिडकीला ओली चादर,
आणि लेबल सोलून गोठवलेल्या बाटल्या,
एकेक, सावकाश:
एक बाटली म्हणजे अर्धा अंश.
घाई केली तर गारठाही बाधतो.
आमच्या फ्रीजमध्ये मावतात चार.

दीडला फोन आला.
मी पद्मावतीत, कुणाच्या तरी जिन्यात, हातात कुणाचा तरी मिक्सर.
"चारही संपल्या. एकोणतीस पूर्णांक सात.
तुझ्या त्या हॅमरने बोटं आत ओढून घेतली आहेत."
मी म्हणालो, येतो.
ती म्हणाली, "तू येईस्तोवर काय करू ते सांग,"
आणि मला काही सांगता आलं नाही.

पोचलो तेव्हा दार उघडं,
टाकीपुढे आमच्या खुर्चीवर घैसास.
खालच्या मजल्यावरचे. ज्यांच्या छतावर मागल्या वर्षी
माझा समुद्र ठिबकला होता,
ज्यांनी सोसायटीच्या सभेत उभं राहून विचारलं होतं,
"मासे खायचे नाहीत, तर पाळायचे कशाला?"
(स्वतः कांदासुद्धा खात नाहीत.)

पाण्यावर तरंगत होती
आमरसाची सात पाकिटं,
गेल्या मे महिन्यातली, त्यांच्या डीप फ्रीझरमधली,
दगडासारखी, पिवळीधमक, सीलबंद.
त्यांच्या सावलीत नारिंगी जोकर मासे
काही समजत नसल्यासारखे फिरत होते.
"दोन-दोनच सोडा म्हणाली ही," घैसास म्हणाले,
"मीच म्हटलं, होऊ द्या. चुकलं का?"
चुकलं होतं थोडं. मी तीन काढून घेतली.
एकोणतीस पूर्णांक दोन.

पाचला येणारी वीज सव्वासहाला आली.
वितळलेला रस पुन्हा गोठवत नाहीत,
म्हणून पाकिटं तीनदा धुतली,
आणि वैजयंताने ऐन गुरुवारी पुऱ्या तळल्या
त्या उकाड्यात, पंखा टाकीकडे असताना.
पहिल्या वाटीनंतर घैसास म्हणाले,
रस जरासा खारट लागतो.
मी वाद घातला नाही.

दहाला सत्तावीस पूर्णांक चार.
हॅमरने एक बोट बाहेर काढलं होतं, फक्त एक.
आम्ही गच्चीत अंथरूण टाकलं.
पुढच्या गुरुवारसाठी खाली फ्रीझरमध्ये
रिकामी झालेली जागा
घैसासांनी खडूने आखून ठेवली आहे, म्हणे.